‘बघून घेतो’ हे कोर्टाला कसं सांगायचं



मराठीत एक जुना, रोखठोक शब्द आहे: मनाई हुकूम. शेताच्या बांधावरून, सामायिक भिंतीवरून, भावाभावांच्या वाटणीवरून भांडण कोर्टात गेलं की हा शब्द घरात शिरतो. माझ्या आजोबांनी विहिरीच्या वाटेवरून एक मनाई हुकूम मिळवला होता. तो कागद कितीतरी वर्षं देवघराखालच्या कप्प्यात होता. मीही एक मिळवला. माझा मात्र फोनवर येणाऱ्या मेसेजांसाठी आहे. त्याविषयी बोलायला मला इथे बोलावलंय.

मी मूळची कोल्हापूरची. गेली नऊ वर्षं बेंगळुरूत राहते, एका कंपनीत हिशेबाचं काम बघते. मी वकील नाही, पक्षकार आहे. त्यामुळे जे सांगेन ते कोर्टाच्या बाकावर बसून शिकलेलं आहे. तुमच्यापैकी कुणी इंदूरला असाल, कुणी बडोद्याला, हैदराबादला, दिल्लीला. तिथल्या कोर्टाची भाषा वेगळी असते आणि आपल्याला येणारी धमकी पुष्कळदा मराठीत असते. माझ्या प्रकरणात निम्मी दमछाक याच एका गोष्टीनं केली, म्हणून तिच्यावर जरा जास्त बोलणार आहे.

प्रकरण थोडक्यात असं. २०२४ च्या दिवाळीनंतर एक स्थळ आलं. एकदा व्हिडिओ कॉल झाला, एकदा कोल्हापूरला रीतसर कांदेपोहे झाले. मला पटलं नाही. आईनं आपल्याकडे सांगतात तसं सांगितलं, की पत्रिका जुळत नाही. चौथ्या दिवशी मला मेसेज आला: मी दुसऱ्या गुरुजींकडे पत्रिका दाखवली, छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळतात, आता काय म्हणता?

त्याचं नाव मी घेणार नाही. दाव्यात तो प्रतिवादी क्रमांक १ आहे, तेव्हा आपणही प्रतिवादी म्हणू.

प्रतिवादीला मी लेखी कळवलं की मला हे लग्न करायचं नाही, कृपया यापुढे मला किंवा माझ्या घरच्यांना संपर्क करू नका. हे दोन ओळींचं उत्तर पुढे फार उपयोगी पडलं. भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ पाठलागाविषयी आहे. बाईनं नाराजी स्पष्ट दाखवल्यावरही पुरुष पुन्हा पुन्हा संपर्क साधत राहिला, किंवा ती इंटरनेट, ईमेल कसं वापरते यावर पाळत ठेवत राहिला, तर तो गुन्हा होतो. ‘स्पष्ट’ हा शब्द महत्त्वाचा. आपल्याकडे नकार देताना समोरच्याचा मान राखायचा म्हणून पत्रिकेला पुढे करतात. रीत म्हणून ती चांगलीच आहे, समोरच्याला दुखवत नाही. पण कायद्याला पत्रिका कळत नाही, नकार कळतो.

त्यानंतर सहा आठवड्यांत दोनशेच्या वर मेसेज आले. आधी विनवण्या, मग शिव्या, मग ‘बघून घेतो’. मग माझा फोटो लावून, माझा फोन नंबर टाकून कुणीतरी एक खोटं खातं उघडलं. रात्री अकरा ते तीन अनोळखी माणसांचे फोन यायला लागले. ते काय विचारायचे ते सांगत नाही, तुम्हाला कळेल. ऑफिसातल्या तिघांना माझ्याविषयी मेसेज गेले. एके दिवशी माझ्याच फोटोला हार घातलेलं चित्र आलं, खाली एक शब्दही नाही.

घरी तीन मतं होती. बाबांचं मत, नोकरी सोड आणि घरी ये. आईचं मत, नंबर बदल, कुठे वाच्यता नको. धाकट्या भावाचं मत, चार पोरं घेऊन जातो आणि समजावून येतो. पुढे वकीलबाईंना हे तिसरं मत सांगितलं तर त्या म्हणाल्या, भावाला आधी बांधून ठेवा. त्यानं एक थप्पड जरी मारली तरी प्रतिवादीला उलटी फिर्याद मिळेल आणि मग दोन्ही बाजू सारख्याच दिसतील.

पोलिसांकडे मी आधी गेले होते. कुठलं ठाणं ते सांगत नाही. पहिल्या भेटीत सल्ला मिळाला, नंबर ब्लॉक करा. शिवाय माणूस महाराष्ट्रात आहे, तिकडे तक्रार द्या. दुसऱ्या भेटीला मी टाइप केलेली तक्रार घेऊन गेले आणि त्यात दोन गोष्टी लिहून नेल्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते. यालाच लोक झिरो एफआयआर म्हणतात. आणि तक्रार इलेक्ट्रॉनिक मार्गानंही पाठवता येते, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. ठाण्यानं घेतलीच नाही तर पोलीस अधीक्षक आणि त्यानंतर दंडाधिकारी, हा रस्ताही त्याच कलमात आहे. माझ्यावर तिथवर जायची वेळ आली नाही. दुसऱ्या भेटीत गुन्हा नोंदला गेला.

आता इथे एक गाठ आहे. पाठलागाचा पहिला गुन्हा जामीनपात्र आहे. दोष सिद्ध झाला तर तीन वर्षांपर्यंत कैद, दुसऱ्यांदा सिद्ध झाला तर पाच वर्षांपर्यंत आणि तेव्हा अजामीनपात्र. म्हणजे पहिल्या खेपेला माणसाला जामीन हक्कानं मिळतो. प्रतिवादीला चौकशीला बोलावलं, तो जामिनावर संध्याकाळी घरी गेला. रात्री साडेदहाला मला मेसेज आला: झालं समाधान?

फौजदारी खटला झालेल्या गोष्टीची शिक्षा ठरवतो आणि त्याला वर्षं लागतात. उद्या रात्रीचा मेसेज थांबवायला काय आहे, हे विचारायला मी वकीलबाईंकडे गेले.

त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, तुम्ही कधी एका घरात राहिलात का? लग्न, लग्नासारखं नातं, रक्ताचं नातं? मी नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, मग सोपा रस्ता तुमच्यासाठी बंद.

हा सोपा रस्ता म्हणजे कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा. त्यात ‘संरक्षण आदेश’ असा स्पष्ट शब्द आहे. कलम १८ खाली दंडाधिकारी समोरच्याला कुठल्याही प्रकारे संपर्क करायला बंदी घालू शकतात आणि त्यात फोन, लेखी, इलेक्ट्रॉनिक हे सगळं नावानिशी लिहिलेलं आहे. कलम २३ खाली समोरच्याला न ऐकताही तात्पुरता आदेश देता येतो. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि हा गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र. गुजरातेत राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीनं वेगळ्या राहणाऱ्या नवऱ्याविरुद्ध हाच आदेश मिळवला. तो नाशिककडे, ती तिकडे. कलम २७ मुळे तिला स्वतः राहते तिथल्या, अगदी तात्पुरती राहत असली तरी तिथल्याच कोर्टात अर्ज करता आला, आणि आदेश देशभर लागू होतो असं त्याच कलमात म्हटलंय. परराज्यात राहणाऱ्या बायकांनी हे कलम लक्षात ठेवावं. माहेरी गेलात, बहिणीकडे गेलात, तरी तिथे अर्ज चालतो.

पण परक्या माणसाकडून, नाकारलेल्या स्थळाकडून, जुन्या सहकाऱ्याकडून छळ होत असेल तर हा कायदा लागत नाही. ब्रिटनमध्ये १९९७ पासून छळापासून संरक्षणाचा स्वतंत्र कायदा आहे, तिथे नातं असो नसो. आपल्याकडे तसा कायदा नाही. माझ्या मते ही मोठी उणीव आहे आणि ती भरली पाहिजे. तोवर आपल्याला आजोबांच्या रस्त्यानं जावं लागतं: दिवाणी दावा आणि त्यात मनाई हुकूम. १९६३ चा विशिष्ट अनुतोष कायदा आणि १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता. विहिरीच्या वाटेला जी ऑर्डर ३९ लागली, तीच माझ्या व्हॉट्सॲपला लागली.

मधे एक तिसरी वाटही ऐकायला मिळते, तिला महाराष्ट्रात ‘चॅप्टर केस’ म्हणतात. कार्यकारी दंडाधिकारी माणसाकडून एक वर्षापर्यंत शांतता राखण्याचा बाँड लिहून घेऊ शकतात. शेजाऱ्यांच्या मारामारीत ती चालते. खोट्या खात्यांपुढे तिचा फारसा उपयोग होईल असं वकीलबाईंना वाटलं नाही.

पुराव्याचं काम पंधरा दिवस चाललं. स्क्रीनशॉट असले की झालं, असं सगळ्यांना वाटतं. तसं नाही. या बाबतीतला महत्त्वाचा निकाल आपल्या जालन्यातून गेलेला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्ज वेळेत भरला की उशिरा, यावरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांचा वाद होता आणि निवडणूक कार्यालयातलं व्हिडिओ चित्रण पुरावा म्हणून आलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२० मध्ये सांगितलं, की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत द्यायची तर सोबत प्रमाणपत्र हवंच. मूळ यंत्रच कोर्टात हजर केलं आणि ते आपलंच आहे हे मालकानं साक्षीत सांगितलं तर गोष्ट वेगळी. नव्या साक्ष अधिनियमात हे कलम ६३ मध्ये आहे आणि प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक आपण भरायचा, दुसरा तज्ज्ञानं. त्यात फाइलचं हॅश मूल्य लिहावं लागतं, म्हणजे नंतर एक स्वल्पविराम जरी बदलला तरी कळतं.

त्यामुळे मी तो फोन वापरणं बंद केलं. नवा घेतला. जुना, त्याच सिमसकट, दादाच्या मित्राकडे चार्जिंगला लावून ठेवला. ब्लॉक केलं नाही, कारण ब्लॉक केलं की धमक्या थांबत नाहीत, फक्त दिसायच्या बंद होतात. रात्री ते मेसेज स्वतः वाचायचे नाहीत, दुसऱ्या कुणीतरी उतरवून घ्यायचे, ही वकीलबाईंची सूचना होती आणि माझी झोप तिनंच वाचवली. खोट्या खात्याच्या बाबतीत प्रत्येक पोस्टचा पूर्ण वेबपत्ता, तारीख, वेळ लिहून ठेवली. ‘अमुक ॲपवर माझी बदनामी चाललीय’ एवढ्यावर कोर्ट काही काढायला सांगू शकत नाही. नेमकं काय काढायचं ते दाखवावं लागतं.

मग आलं भाषांतर.

माझ्या वकीलबाई कन्नड, न्यायाधीश कन्नड, कामकाज इंग्रजी आणि कन्नडमध्ये. मेसेज सगळे मराठीत, तेही रोमन लिपीत आणि अशुद्ध. मी पक्षकार, त्यामुळे मी केलेलं भाषांतर देणं बरं दिसलं नसतं. बेळगावचे एक निवृत्त गृहस्थ मिळाले, मराठी-कन्नड-इंग्रजी तिन्ही उत्तम. त्यांनी पहिल्या दिवशी जे करून आणलं ते शब्दाला शब्द होतं. ‘बघून घेतो’ याचं झालं होतं ‘आय विल सी यू’. वाचणाऱ्याला वाटावं, संध्याकाळी चहाला भेटतोय. ‘तुझं तेरावं घालायला येतोय’ याचं झालं होतं, ‘तुझ्या तेराव्यासाठी येत आहे’. तेरावा वाढदिवस की काय!

मी त्यांना म्हटलं, काका, हे असं गेलं तर मी हरले. ते म्हणाले, बाळ, मी माझ्या मनचं घालू शकत नाही, मला शपथेवर सांगायचंय. त्यांचंही खरं होतं. शेवटी तीन रकाने केले. पहिल्यात मूळ मजकूर देवनागरीत, दुसऱ्यात शब्दशः अर्थ, तिसऱ्यात मराठी बोलणारा माणूस त्यातून काय समजतो ते. तेराव्यापुढे लिहिलं: मृत्यूनंतरचा विधी, ‘मी तुला मारीन’ या अर्थानं वापरतात. ‘बघून घेतो’पुढे लिहिलं: धमकी, इजा करीन या अर्थी. ही तीन रकान्यांची युक्ती परराज्यातल्या मराठी माणसांनी जरूर वापरावी. शब्दशः रकाना ठेवल्यामुळे विरुद्ध बाजूला ‘अर्थ वाढवून सांगितला’ असं म्हणता येत नाही. हार घातलेल्या फोटोला मात्र भाषांतर लागलं नाही. न्यायाधीशांनी ते पान उलटलं, पुन्हा मागे जाऊन पाहिलं आणि तारीख विचारली.

दाखल करताना आणखी एक पेच होता. दाव्यात वादीचा पत्ता लिहावा लागतो आणि दाव्याची प्रत प्रतिवादीला जाते. ज्या माणसाला मी कुठे राहते हे कळू नये म्हणून धडपड, त्यालाच मी सही करून पत्ता देणार! शिवाय कोर्टाच्या संकेतस्थळावर पक्षकारांची नावं दिसतात. आम्ही दोन वेगळे अर्ज दिले. पत्ता सीलबंद पाकिटात घ्यावा आणि माझी टपाल वकिलांच्या पत्त्यावर यावी, हा एक. माझं नाव आद्याक्षरानं छापावं, हा दुसरा. दोन्ही मंजूर झाले. हे आपोआप होत नाही, मागावं लागतं, आणि मागायचं ते पहिल्याच दिवशी.

प्रतिवादी तीन केले. पहिला तो. दुसरी खोटं खातं जिथे होतं ती कंपनी. तिसरा ‘अशोक कुमार’. ही आपल्या कोर्टांची गंमत आहे. अनोळखी माणसाविरुद्ध हुकूम हवा असेल तर इंग्रजी पद्धतीतल्या जॉन डोच्या जागी आपण अशोक कुमारला उभं करतो. खोटं खातं कुणी उघडलं हे मला ठाऊक होतं, पण सिद्ध करता येत नव्हतं. कंपनीला पक्षकार करण्याचं कारण असं, की श्रेया सिंघल प्रकरणात मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की अशा मध्यस्थ कंपन्यांना कोर्टाचा किंवा सरकारचा आदेश आला की त्यांच्यावर मजकूर हटवण्याची जबाबदारी येते. कुणीही तक्रार केली म्हणून त्यांनी मजकूर काढत सुटावं अशी अपेक्षा नाही. खाजगी अवस्थेतली चित्रं किंवा कुणाचं सोंग घेणारा मजकूर यासाठी २०२१ च्या नियमांनी वेगळी सोय केली, पीडित व्यक्तीच्या तक्रारीवरून तो तेव्हा २४ तासांत काढावा लागत असे. त्या तक्रारीवर माझा फोटो निघाला होता, पण तिसऱ्या दिवशी नवं खातं उघडलं. त्यामुळे कंपनीनं खातं उघडणाऱ्याची नोंदणीची माहिती कोर्टाला द्यावी, हीसुद्धा मागणी ठेवली.

सुनावणी वीस मिनिटं झाली. न्यायाधीशांनी विचारलं, पोलिसांकडे गुन्हा आहे ना, मग इथे कशाला? वकीलबाईंनी जामिनानंतरचा ‘झालं समाधान?’ पुढे केला. तात्पुरता मनाई हुकूम द्यायला तीन गोष्टी पाहतात: प्रथमदर्शनी तथ्य आहे का, हुकूम दिला तर कुणाची जास्त गैरसोय, आणि न दिला तर भरून न येणारं नुकसान आहे का. दुसऱ्या मुद्द्यावर वकीलबाई एवढंच म्हणाल्या, मला मेसेज न पाठवल्यानं प्रतिवादीचं काय बिघडतं?

हुकूम मिळाला, प्रतिवादीला न ऐकता, पुढच्या तारखेपर्यंत. स्वतः किंवा दुसऱ्याकरवी, कुठल्याही मार्गानं, मला, माझ्या घरच्यांना किंवा कामाच्या ठिकाणी संपर्क करायचा नाही. माझं छायाचित्र, नंबर, पत्ता कुठे टाकायचा नाही. आमची एक मागणी मात्र नाकारली. प्रतिवादीनं माझ्याविषयी काहीही लिहू नये, अशी ती होती. न्यायाधीश म्हणाले, ‘काहीही’ हे फार होतं. मला तेव्हा राग आला. आज वाटतं, त्यांचं बरोबर होतं. समोरच्याला न ऐकता तोंड बंद करणारे हुकूम सढळ हातानं देऊ नयेत, असा इशारा सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२४ मध्ये ब्लूमबर्ग आणि झी यांच्या प्रकरणात दिलाय. ते प्रकरण पत्रकारितेचं आहे, माझ्याशी त्याचा संबंध नाही. पण उद्या एखादा पुढारी तसाच हुकूम घेऊन माझं तोंड बंद करेल, तेव्हा मला हीच काटेकोर कोर्टं हवी असणार.

एकतर्फी हुकूम मिळाला की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कागद समोरच्याला पाठवायचे आणि पाठवल्याचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, हा नियम आहे. हे राहून गेलं तर हुकूम डळमळतो. आम्ही रजिस्टर्ड पोस्ट, ईमेल आणि व्हॉट्सॲप तिन्ही केलं. व्हॉट्सॲपवर दोन निळ्या खुणा आल्या. मुंबई उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये क्रेडिट कार्डाच्या थकबाकीच्या एका प्रकरणात अशाच खुणांवरून नोटीस पोचली आणि उघडलीसुद्धा, असं मान्य केलंय. प्रतिवादीनं रात्री नऊला उघडली.

मग अठरा दिवस शांतता. एकोणिसाव्या दिवशी नव्या नंबरवरून: कोर्टात जाऊन मोठी झालीस का. आम्ही ऑर्डर ३९ नियम २अ खाली अर्ज दिला. हुकूम मोडणाऱ्याची मालमत्ता जप्त करता येते, तीन महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंगातही ठेवता येतं. तोवर न आलेला प्रतिवादी या अर्जावर वकील घेऊन आला. माफी मागितली, यापुढे संपर्क करणार नाही असं हमीपत्र दिलं. माफी मला उद्देशून नव्हती, कोर्टाला उद्देशून होती. मला ती तशीच बरी वाटली. दावा निकाली निघेपर्यंत हुकूम कायम झाला आणि त्यानंतर आजपर्यंत एकही मेसेज नाही.

खर्चाचं बोलते. मी खासगी वकील केला, कारण मला परवडत होतं. पण विधी सेवा प्राधिकरणांच्या १९८७ च्या कायद्यानं प्रत्येक स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. १५१०० हा त्यांचा क्रमांक आहे. पुष्कळ बायकांना वाटतं, ही सोय फक्त गरिबांसाठी आहे. तसं नाही.

नोकरी मी सोडली नाही. नंबर तोच आहे. आई अजून नातेवाइकांना ‘जरा कोर्टाचं काम निघालंय’ एवढंच सांगते आणि ते लोक जागेचा वाद समजतात.

दावा चालू आहे. पुढची तारीख माझ्या साक्षीची आहे. मेसेज मला पिंजऱ्यात उभं राहून मराठीत वाचायचे आहेत, दुभाषी ते कोर्टाला सांगणार, आणि मग प्रतिवादीचे वकील उलटतपासणी घेणार. बेळगावच्या काकांनी फोन करून सांगितलंय, सावकाश वाच, शब्द गिळू नकोस.